महाराष्ट्राच्या मँचेस्टरहून खऱ्या मँचेस्टरला, की एडिनबराला?

पत्र :

काकू, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर आहे. त्याला ब्रिटनमधल्या दोन नोकऱ्यांची पत्रं आली आहेत, दोन्हीकडे व्हिसाचं कंपनी बघणार. एडिनबराला वर्षाला ४८,००० पौंड, मँचेस्टरला ४६,०००. मुलगा गेल्या नोव्हेंबरात तीन वर्षांचा झाला. नवरा म्हणतो मँचेस्टर. तिथे भाडं कमी, आपली माणसं जास्त, मुंबईचं विमान थेट, आणि स्कॉटलंडमध्ये म्हणे कर जास्त. त्याच्या मित्राने सेल भागात दोन बेडरूमचं घर १,२५० पौंडांत बघून ठेवलंय. एडिनबरात गॉर्गीमध्ये तेवढंच घर १,४५० च्या खाली दिसत नाही. मला फोटो बघून एडिनबरा आवडलंय, पण फोटो बघून संसार होत नाही हे सासूबाईंचं म्हणणंही पटतं. इंटरनेटवर दोन शहरांची तुलना करणारे तक्ते पाहिले, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मला थोडा दम्याचा त्रास आहे, थंडीत वाढतो. मी एम.कॉम., लग्नाआधीपासून एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब सांभाळते, पण तिकडे गेल्यावर सध्या तरी घरीच असेन. काय करावं? आणि मला अहो-जाहो करू नका, तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

— एक गोंधळलेली इचलकरंजीकर

उत्तर :

अगं गोंधळलेली,

तुझं गाव ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’. त्यामुळे नवऱ्याला मँचेस्टर जवळचं वाटत असेल तर नवल नाही. पण तिथे उतरल्यावर यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येईल अशी आशा असेल तर सांगून ठेवते, तो कधीच थांबला. जुन्या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत.

माझं माप आधी घे, म्हणजे माझा सल्ला किती तोलून घ्यायचा ते तुला कळेल. मी पहिली सहा वर्षं मँचेस्टरच्या वॉली रेंजमध्ये काढली, नंतरची चौदा एडिनबरात. म्हणजे माहेर मँचेस्टर आणि सासर एडिनबरा असं समज. दोन्हीकडच्या उखाळ्यापाखाळ्या मला ठाऊक आहेत, आणि सध्या नांदते ती एडिनबरात.

नवऱ्याचा कराचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरा आहे आणि लवकर संपतो. स्कॉटलंडचे प्राप्तिकराचे टप्पे वेगळे. २०२५-२६ सालचे आकडे सांगते. दोन्हीकडे पहिले १२,५७० पौंड करमुक्त. इंग्लंडमध्ये त्यापुढे ५०,२७० पर्यंत सरसकट २० टक्के. स्कॉटलंडमध्ये १९, २० आणि २१ अशा पायऱ्या चढत ४३,६६२ ला पोचलं की एकदम ४२ टक्के. त्यावर नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे सरकारी पेन्शन-भत्त्यांसाठी पगारातून कापायचे, ८ टक्के दोन्हीकडे आहेतच. म्हणजे एडिनबराच्या पगारातले शेवटचे चार हजार तीनशे पौंड अर्धे सरकारचे. मी कागद-पेन घेऊन बसले. पेन्शनची कपात सोडून एडिनबराचे ४८,००० हातात येतात ते महिन्याला ३,०८३, आणि मँचेस्टरचे ४६,००० येतात ते ३,०५३. पगारात दोन हजारांचा फरक, हातात महिन्याला तीस पौंडांचा. तेच ४८,००० मँचेस्टरला मिळाले असते तर ३,१७३ आले असते. थोडक्यात, स्कॉटलंडमध्ये राहण्याचा दंड महिना नव्वद पौंड आणि तो कंपनीने आधीच भरून टाकलाय. या मुद्द्यावर तुम्ही दोघांनी आता भांडायचं नाही.

आता तुझे ते तक्ते. त्यांत दूध, पाव, अंडी, डझनभर संत्री असं सगळं असतं बघ. ते फाडून टाक. इथल्या मोठ्या दुकानांच्या साखळ्या देशभर जवळपास एकाच भावाने विकतात. विजेच्या आणि गॅसच्या दरावर सरकारी नियामकाची मर्यादा असते, ती भागाभागाप्रमाणे थोडीफार हलते इतकंच. मोबाइलचं बिल तेच, टीव्हीचं लायसन तेच. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभारही तोच, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. तो सगळ्याच कंपन्या देतात असं नाही, तेवढं पत्रात तपासून घ्या. दोन शहरांत खरा फरक पडतो तो तीनच जागी : घर, मूल आणि बायको कामावर जाते की नाही. तक्त्यांत तिसरी जागा कधीच नसते.

आधी घर. तुझ्या आकड्यांनी एडिनबरा महिना दोनशेने महाग. पण भाड्याच्या पाठोपाठ काउन्सिल टॅक्स, म्हणजे नगरपालिकेचा घरकर, येतो, तो इथे भाडेकरूनेच भरायचा असतो. घराचा अ, ब, क असा बँड ठरलेला असतो, तोही १९९१ सालच्या किमतीवर, त्यामुळे आज एकाच भाड्याची दोन घरं वेगवेगळ्या बँडात निघतात. स्कॉटलंडमध्ये याच बिलात पाण्याचे आणि सांडपाण्याचे पैसे येतात. इंग्लंडमध्ये पाण्याची कंपनी वेगळी आणि बिल वेगळं. शिवाय एक गंमत : सेल मँचेस्टरात नाहीच! म्हणजे पत्रावर मँचेस्टर लिहितात, पण ग्रेटर मँचेस्टर म्हणजे दहा नगरांचा जुडगा, सेल त्यातल्या ट्रॅफर्डमध्ये. टॅक्स ट्रॅफर्डचा लागणार, शाळा ट्रॅफर्डची, आणि ट्रॅफर्डमध्ये अजून ग्रामर शाळा आहेत, म्हणजे अकराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा. आपल्या लोकांना तिथे घर हवं असतं ते त्यासाठी. स्कॉटलंडच्या सरकारी शाळांत तो प्रकारच नाही. ज्या रस्त्यावर राहता त्या रस्त्याची शाळा मिळते.

हाताशी किती रोकड लागेल तेही बघ. इंग्लंडमध्ये अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. सेलच्या घराला ती झाली साधारण १,४४०. स्कॉटलंडमध्ये मर्यादा दोन महिन्यांची, म्हणजे गॉर्गीच्या घराला २,९०० पर्यंत मागू शकतात, सगळे मागत नाहीत. इथे नव्याने आलेल्या माणसाची उधारीची पत काहीच नसते, म्हणून एजंट वरून आगाऊ भाडंही मागतात. इंग्लंडमध्ये नव्या कायद्याने १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ मागता येत नाही. स्कॉटलंडमध्ये सहा महिन्यांपर्यंत चालतं. एडिनबरा ठरलं तर या एका गोष्टीची तजवीज इचलकरंजीतूनच करून निघा. दुसरीकडे, स्कॉटलंडचा भाडेकरार २०१७ पासून बेमुदत असतो. घरमालकाला कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि तुम्हाला निघायचं तर अठ्ठावीस दिवसांची नोटीस पुरते. घरमालकाची नोंदणी सक्तीची आणि जाहिरातीत तो क्रमांक छापावा लागतो. क्रमांक नसलेल्या जाहिरातीला, फोटो कितीही गोड असो, पैसे पाठवू नका.

आता मूल. इथे जरा सावकाश वाच, कारण तुमचा सगळा हिशेब इथे उलटापालटा होतो.

स्कॉटलंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षाला १,१४० तास नर्सरी फुकट. शाळेच्या सत्रापुरतं धरलं तर आठवड्याला तीस तास. आई-बाप काम करतात का, व्हिसा कुठला, हे कोणी विचारत नाही. त्यात जेवणही येतं. इंग्लंडमध्ये या वयाच्या सगळ्यांना फुकट ते १५ तास, वर्षाला ५७०. ‘पण तिथेही तीस तास झालेत की!’ असं नवऱ्याचा मित्र म्हणेल. झालेत, नोकरी करणाऱ्या आई-बापांसाठी, आणि सप्टेंबर २०२५ पासून तर नऊ महिन्यांच्या बाळापासून. पण त्याला एक अट आहे : आई-बापांपैकी निदान एकाला सरकारी मदतीचा हक्क हवा. तुमच्या दोघांच्या व्हिसावर नेमकी उलटी ओळ असणार, सरकारी मदत नाही. मित्र कदाचित कायमचा रहिवासी झाला असेल, त्याला मिळत असतील. तुम्हाला मिळणार नाहीत. कितीतरी जोडपी इथे येऊन, नर्सरीच्या ऑफिसात फॉर्म भरताना हे पहिल्यांदा ऐकतात. त्या टेबलावरून उठताना बायकोचा चेहरा कसा होतो ते मी दोनदा शेजारी बसून पाहिलंय.

फरक झाला वर्षाला ५७० तासांचा. ताशी सात पौंड धर, म्हणजे ३,९९० पौंड.

(मुलाचा वाढदिवस नोव्हेंबरात आहे म्हणून हे असं. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत चार पूर्ण झालेलं मूल त्याच सप्टेंबरात शाळेत जातं. स्कॉटलंडमध्ये पुढच्या फेब्रुवारीअखेर पाच पूर्ण होणारं मूल त्या ऑगस्टात. तुझा मुलगा दोन्हीकडे एकाच वर्षी शाळेत जाईल. तो मे महिन्यातला असता तर इंग्लंडमध्ये एक वर्ष आधी फुकट शाळेत बसला असता आणि मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं.)

आता बेरीज कर. तू घरी राहिलीस तर मुलाला आठवड्याला पंधरा तास पुष्कळ झाले, ते मँचेस्टरलाही फुकट आहेत. मग एडिनबराचं जास्तीचं भाडं वर्षाला २,४००, त्यातून जास्तीच्या पगाराचे साधारण ३५० वजा. एडिनबरा दोन हजारांनी महाग. नवरा जिंकला. तू कामावर जाणार असलीस आणि मुलाला तीस तास नर्सरी लागली, तर मँचेस्टरला ते ३,९९० तुम्ही भरणार. मग एडिनबरा जवळपास दोन हजारांनी स्वस्त. रक्कम तीच, पारडं तेवढं बदललं.

म्हणजे ज्या वाक्याने सगळा निकाल फिरतो ते वाक्य तू पत्राच्या तळाशी, दम्याच्या आणि ‘काय करावं’च्या मध्ये कोंबलंस : ‘सध्या तरी घरीच असेन.’ हे कोणी ठरवलं? तू ठरवलं असशील तर माझं काही म्हणणं नाही, तीन वर्षांचं पोर घेऊन परक्या देशात पहिलं वर्ष घरी काढावंसं वाटणं यात काही चूक नाही. पण वर्षानुवर्षं सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर उधारी-उसनवारीचा मेळ बसवणाऱ्या बाईने हे इतक्या सहज लिहावं, म्हणजे घरात हे कोणी तिला न विचारताच गृहीत धरलेलं दिसतंय. कदाचित तिने स्वतःच.

तुझ्या व्हिसावर तुला काम करता येतं, जवळजवळ कुठलंही. अगदी किमान वेतन धरलं, २०२५-२६ चं ताशी १२.२१ पौंड, आणि आठवड्याला वीस तास, तरी वर्षाला १२,७०० च्या आसपास होतात आणि त्यावर कर जवळजवळ लागतच नाही. ज्या दोन हजारांवरून तुम्ही दोन शहरं तोलताय त्याच्या सहापट. आणि तू किमान वेतनावर फार दिवस राहशील असं मला वाटत नाही. ज्याला पगारपत्रकं आणि ताळमेळ येतो त्याला दोन्ही शहरांत काम आहे. मँचेस्टर मोठं, तिथे जागा जास्त निघतात हे कबूल करायला हवं. एडिनबरा बँका, विमा आणि गुंतवणूक कंपन्यांचं गाव. पहिली नोकरी मनासारखी नसेल, दुसरी असेल.

मी स्वतः पहिलं वर्ष वॉली रेंजमध्ये घरी काढलं. तेव्हा मँचेस्टरच्या बसचं वेळापत्रक मला तोंडपाठ झालं होतं. खिडकीत बसून कुठली बस उशिरा आली ते मी सांगू शकायचे, जायचं मात्र कुठेच नसायचं. गीता भवन मंदिर चालत जाण्यासारखं होतं म्हणून निभावलं. रविवारी प्रसादाला जायचं आणि सोमवारी परत खिडकी. आता त्या बस पिवळ्या झाल्यात, बी नेटवर्क म्हणतात, २०२३ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सगळ्या शहराच्या ताब्यात परत आल्या. २०२५ मध्ये कुठेही जा, दोन पौंड होते. हे मँचेस्टरने फार चांगलं केलं.

मँचेस्टरच्या बाजूने आणखी बोलते, नाहीतर म्हणशील काकूंनी सासरची बाजू घेतली. मेथीची ताजी जुडी, कढीपत्त्याच्या काड्या, ज्वारीचं पीठ, मे महिन्यात आंब्याची पेटी हे सगळं तिथे सहज मिळतं, आणि घासाघीसही करता येते. एडिनबरातही मिळतं, लीथ वॉकवर दुकानं आहेत, पण मेथी गुरुवारी आली तर शुक्रवारी संपलेली असते. मराठी माणूस मँचेस्टरकडे जास्त भेटेल. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून थेट विमान सुरू झालं तेही खरं, फक्त फेऱ्या कमीजास्त होतात, त्यामुळे विमानाकडे बघून गाव निवडू नका. आई-बाबा येतील ते वर्षातून एकदा, नर्सरी रोज असते. आणि नवरा क्रिकेटवाला असेल तर सेलच्या स्टेशनावरून ट्रामने तिसऱ्या थांब्यावर ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान. आपला मुंबईचा फारूख इंजिनियर तिथे लँकेशायरकडून १९६८ ते १९७६ खेळला आणि त्याच भागात स्थायिक झाला. २०२५ मध्ये तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं. एडिनबरात याला माझ्याकडे उत्तर नाही.

तुझ्या दम्याचं मात्र नीट बोलायला हवं. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं फुकट. इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड. काही आजारांना तिथेही माफी आहे, थायरॉइड कमी असेल तर माफ, मधुमेहाच्या गोळ्या माफ, पण दमा त्या यादीत नाही, का ते विचारू नकोस. वर्षाचा पास काढला तर ११४.५० पौंडांत हवी तेवढी औषधं. म्हणजे तुझा खरा फायदा वर्षाला एकशे चौदा पौंड. ठीक आहे, पण यासाठी कोणी गाव बदलत नाही.

दम्याला गाव नव्हे, घर मारतं. गॉर्गीतलं ते १,४५० चं घर म्हणजे बहुतेक जुनी दगडी इमारत, सामाईक जिना, उंच छत. फोटोत सुरेख दिसतं. मी एडिनबरात पहिलं घर घेतलं ते असंच. खिडक्या सरकत्या, लाकडी, एकेरी काचेच्या. जुन्या वस्तीत त्या सहज बदलताही येत नाहीत. जानेवारीत रोज सकाळी उठून पहिलं काम काय, तर काचांवरून ओघळणारं पाणी टॉवेलने टिपायचं. टॉवेल दोनदा पिळायला लागायचा. फेब्रुवारीत कपाट जरा ओढलं तर मागची भिंत काळी, बुरशीची, माझ्या खांद्याइतकी उंच. एजंटाला फोन केला. तो म्हणाला, खिडकी उघडी ठेवत जा. बाहेर शून्य अंश. मी त्याला मराठीत उत्तर दिलं.

आणि कपडे वाळवायचे कुठे? त्या स्वयंपाकघरांत छताला दोरी आणि चाकांवर टांगलेला एक लाकडी सांगाडा असतो, त्याला पुलीच म्हणतात. खाली ओढायचा, ओले कपडे पसरायचे, परत वर चढवायचा. मला ती पहिल्या दिवशी इतकी आवडली की मी आईला फोनवर वर्णन करून सांगितलं. आठवड्याभरात कळलं की खाली शेगडी आहे. आमटीला फोडणी दिली की वर यजमानांचे ऑफिसचे शर्ट हिंगाचे. आणि त्या सगळ्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे, तर त्याच भिंतीत.

मँचेस्टर यातून सुटलंय असं समजू नकोस. शेजारच्या रॉचडेलमध्ये २०२० साली दोन वर्षांचं एक मूल घरातल्या बुरशीमुळे गेलं. त्यावरून इंग्लंडमध्ये नगरपालिका आणि संस्था स्वस्त भाड्याने देतात त्या घरांसाठी कायदाच करावा लागला. तेव्हा सेल असो की गॉर्गी, घर बघायला जाल तेव्हा उंच छताकडे बघत उभी राहू नकोस. कपाटामागे हात घाल, न्हाणीघरात पंखा लावून आवाज ऐक, ताज्या रंगाचा वास एकाच भिंतीला येत असेल तर का ते विचार. घराचा ऊर्जेचा दाखला मागून घे, क किंवा वरचा असेल तरच पुढे बोल. एडिनबरात कॉर्स्टॉर्फिनसारख्या भागात किंवा नव्या बांधणीच्या फ्लॅटात थोडं दूर पडलं तरी दुहेरी काच मिळते, आणि तिथली बस नगराच्या मालकीची, वेळेवर येणारी. पावसाची भीती मात्र सोड. एडिनबरात मँचेस्टरपेक्षा पाऊस कमीच पडतो, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. वारा आहे. छत्री घेऊन येऊ नकोस, इथल्या वाऱ्यात ती उलटी होऊन भारतात परत जाईल.

खरं सोसावं लागतं ते अंधाराचं. डिसेंबरच्या शेवटी एडिनबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. मँचेस्टरला अर्धा तास जास्त मिळतो, पण अर्ध्या तासाने कोणाचं भलं होत नाही. त्या दिवसांत घरात बसलेल्या बाईला आणि दुपारी एकला पोराला आणायला बाहेर पडणाऱ्या बाईला हिवाळा वेगवेगळा दिसतो. जूनमध्ये याची भरपाई होते, रात्री दहाला उजेड, पोरं झोपत नाहीत. पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसलं की कोकणातली माणसंही गप्प होतात. पाणी थंडगार, ती गोष्ट वेगळी. मासळी खात असाल तर इथला बांगडा घे, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, जरा तेलकट, पण हळद-तिखटात लावून तव्यावर टाकला की फरक कळत नाही, आणि इथले लोक त्याला फारशी किंमत देत नाहीत.

मुलगा पाच वर्षांचा झाला की स्कॉटलंडमध्ये बावीसच्या आतल्या सगळ्यांना बस फुकट आहे, तेही लक्षात असू दे. विद्यापीठाची फी मात्र मोजू नकोस. स्कॉटलंडमध्ये शिक्षण फुकट असं सगळे सांगतील, पण ते इथे स्थायिक झालेल्यांच्या मुलांना, आणि तोवर तुझा मुलगा पंधरा वर्षांनी कुठे असेल कोण जाणे.

तर माझं मत विचारशील तर एडिनबरा, पण गॉर्गीचं ते घर नाही, आणि तू नोकरी शोधणार असशील तरच. शोधणार नसशील तर नवऱ्याचं बरोबर आहे, सेलला जा, तिथे तुला बोलायला माणसं मिळतील, आणि त्या पहिल्या वर्षात माणसं दोन हजार पौंडांपेक्षा महाग असतात. म्हणून उत्तर देण्याआधी नवऱ्याला समोर बसव, हे पत्र त्याच्या हातात दे, आणि विचार की ‘सध्या’ म्हणजे किती महिने.

आणि ‘हो’ कळवायच्या आधी एक फोन एडिनबराच्या नर्सऱ्यांना कर, निदान चार ठिकाणी. तास हक्काचे असले तरी वर्षाच्या मध्ये आलं की जागा असतेच असं नाही. फुकट तास देणारी नर्सरी आहे ना, ते आधी विचार, सगळ्या खासगी नर्सऱ्या त्या योजनेत नसतात. मग विचार, तास कसे वाटून देता, रोज नऊ ते तीन, की आठवड्यातले तीनच दिवस आठ ते सहा. यावर तुला कसलं काम घेता येईल ते ठरेल. घर त्यानंतर, नर्सरीपासून चालत जाता येईल असं. जमलं तर मे-जूनमध्ये या. ऑगस्टात इथे १९४७ पासूनचा तो मोठा कलामहोत्सव असतो, सप्टेंबरात विद्यार्थी येतात, आणि त्या दोन महिन्यांत भाड्याचं घर शोधणं म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात खोली शोधणं.

येताना प्रेशर कुकरच्या दोन रबरी रिंगा जास्तीच्या आण, इथे त्या मापाच्या मिळत नाहीत. आणि घरात पुली असली तर फोडणीआधी शर्ट खाली घे.

— काकू